बाबांसाठी क्लिंगॉन गाऱ्हाणं

अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात क्लिंगॉन भाषा येणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! विजयदुर्गापासून रेडीपर्यंत किनारा धुंडाळा, तिथून आत दोडामार्गाच्या काजूबागा धुंडाळा. दुसरा कोणी सापडला तर त्याला घेऊन माझ्याकडे जेवायलाच या. सुरमई करू. मला बोलायला कोणीतरी हवंच आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्लिंगॉन ही टीव्हीवरच्या एका इंग्रजी अंतराळ मालिकेतली लढवय्यी जमात. कपाळावर माशाच्या काट्यासारखे उंचवटे, अंगावर चामडं आणि तोंडात सदा भांडण. जमात खोटी, पण भाषा एका भाषातज्ज्ञाने बसून रीतसर तयार केलेली, अगदी व्याकरणासकट. मालवणच्या बाजारात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. २००४ साली तिथे इंटरनेटही होतं, म्हणजे टेलिफोनची लाइन चालू असेल तेव्हा. गिऱ्हाईक नसलं की मी क्लिंगॉन शिकत बसायचो. माझी बायको जान्हवी म्हणायची, घशात पेडव्याचा काटा अडकला की माणूस जो आवाज काढतो, त्याला भाषा कशाला म्हणायचं?

घरात माझी कदर करणारा माणूस एकच. माझे बाबा.

बाबा म्हणजे काशीराम तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. तो म्हणेल तिकडे होडी, तो म्हणेल तेव्हा जाळं. तेव्हा वय चौऱ्याहत्तर, पण ते फक्त रेशनकार्डावर. संध्याकाळी ते क्लासात यायचे, माझ्या एकुलत्या एक फिरत्या खुर्चीत बसायचे आणि त्या मालिकेच्या सीड्या बघायचे. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण क्लिंगॉन आले की हातातली विडी विझून जायची. ते लोक ताटातले किडे जिवंत, वळवळते खातात हे बघून आमच्या क्लासातल्या पोरी किंचाळायच्या. बाबा म्हणाले, ताज्या म्हावऱ्याची किंमत कळता तेंका.

आता संकट काय होतं ते सांगतो. त्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला जाळं ओढता ओढता बाबांचा पाय घसरला आणि ते होडीबाहेर लटकले. माझा थोरला भाऊ महादू शेजारीच होता, त्याने करगोटा धरून त्यांना आत ओढलं. बाबांनी पाणी झटकलं आणि महादूलाच झापलं, की जाळं कित्याक सोडलंस? घरी सांगायचं नाही असं होडीत ठरलं. पण आमच्याकडे होडी किनाऱ्याला लागायच्या आधी बातमी लागते. आईला मासळीबाजारात, टोपलीमागे बसल्या जागीच कळलं. त्या दिवसापासून बाबा समुद्रात असले की ती जेवायची नाही. होडी नजरेला पडली की मगच ताट वाढून घ्यायची. होडीला उशीर झाला तर आमची आई गोदूबाई उपाशी, आणि वर सगळ्यांना सांगणार की भूकच नाही!

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की आमचा नवा हंगाम उघडतो. त्याआधी तांडेलकी महादूकडे जावी आणि बाबांनी किनाऱ्यावर बसावं, एवढंच तिचं मागणं होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? डॉक्टरांनी सांगून बघितलं, तर बाबांनी त्यांनाच विचारलं की तुमका पोहूक येता काय. महादू एकदा कसाबसा बोलला की आता तू आराम कर. त्यानंतर कितीतरी दिवस बाबा होडीत त्याला नुसत्या खुणा करून हुकूम देत होते. ‘म्हातारा’ हा शब्द त्यांच्यासमोर काढायची कोणाची छाती नव्हती.

‘‘माझ्यावर सोडा!’’ मी म्हणालो. ‘‘बाबा स्वतःच्या पायाने खुर्चीत जाऊन बसतील, तेही हसत हसत.’’ जान्हवीने माझ्याकडे नुसतं बघितलं. तिचं ते बघणं बोलण्यापेक्षा महाग पडतं.

माझी योजना अशी. बाबांना आराम म्हटलं की राग येतो, कारण आराम म्हणजे उतरणं. पण तेच त्यांना चढवून दिलं तर? क्लिंगॉन लोकांत वडीलधाऱ्या थोर माणसाला एक शब्द आहे, ‘कुप’. उच्चार घशाच्या तळातून करायचा. नारळी पौर्णिमेला सगळ्या वाडीसमोर, समुद्राच्या साक्षीने, क्लिंगॉन भाषेत भाषण करून बाबांना ‘कुप’ करून टाकायचं. एकदा कुप झाल्यावर कोण होडीवर जातो?

त्याच संध्याकाळी मी त्यांना खुर्चीत बसवून धडा दिला. म्हटलं, या लोकांत माणसाचं वय झालं तर त्याला एक शब्द आणि वस्तू जुनी झाली तर तिला दुसरा. कोणी तुझं वय विचारलं तर आकडा असा सांगायचा, की अमुक वर्षांपूर्वी मी जन्मलो. हे बाबांना फार आवडलं. मरणापासून मोजण्यापेक्षा जन्मापासून मोजलेलं बरं, म्हणाले. मग बराच वेळ ते खुर्ची डावी-उजवी फिरवत राहिले.

‘‘नितेशा, माका खंयचो शब्द लागता रे? माणसाचो की वस्तूचो?’’

‘‘माणसाचो, बाबा. ह्येच्यात काय विचारूचा?’’

‘‘नाय, तुजी आवस आणि म्हादू माका मोडक्या वल्ह्यासारख्या उचलून कोपऱ्यात ठेवूक बघतत. म्हणान विचारलंय.’’

खरं सांगतो, त्या क्षणी योजना गुंडाळावी आणि त्यांच्या शेजारी नुसतं बसून राहावं असं वाटलं. पण भाषणाची दोन वाक्यं तयार झाली होती ना!

मग मी त्यांना कुप हा शब्द सांगितला, तेव्हा हा कुप नेमका काय करतो असं बाबांनी विचारलं. मी सांगितलं की उंच आसनावर बसतो, हुकूम सोडतो आणि त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. हे खोटं नव्हतं. फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं मी आवंढ्याबरोबर गिळलं. ते असं, की त्या जमातीत अंथरुणात मरणं म्हणजे नाक कापलं जाणं. लढता लढता मेला तरच माणूस. आणि म्हाताऱ्या म्होरक्याची जागा कोणाला हवी असेल तर ती अशी हार घालून, नारळ-शाल देऊन मिळत नाही. त्याला आव्हान द्यायचं आणि हरवायचं! म्हटलं, एवढं खोलात कशाला शिरायचं?

भाषण मात्र फर्मास झालं. फक्त शेवटी अडलं. मोठ्या माणसाबद्दल बोलायचं तर शेवट शुभेच्छेने व्हायला हवा. मी ‘शंभर वर्षं जगा’ शोधत होतो, आणि मला मिळेना. त्या लोकांची शुभेच्छा मिळाली ती अशी : तुला मानाचं मरण येवो. म्हटलं, असू दे. वाडीत कळणार कोणाला?

नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर सगळी वाडी लोटली. होड्यांना झेंडूच्या माळा, बायकांच्या डोक्यात अबोलीचे वळेसर. नारळ बाबांच्या हातात, सोनेरी कागदात गुंडाळलेला. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. जाणता माणूस खड्या आवाजात देवाला हाक मारतो, एकेक मागणं मागतो, आणि तो थांबला की बाकीचे सगळे एका आवाजात म्हणतात, ‘व्हय महाराजा!’ तसं म्हटलं की ते मागणं त्या एकट्याचं राहत नाही, वाडीचं होतं. वाडीतले जाणते म्हणजे गणपतकाका, त्यांनी गाऱ्हाणं घातलं. बा समुद्रा महाराजा, तुज्या लेकरांक सांभाळ, होडयेक बरकत दी. प्रत्येक मागण्याला किनारा घुमत होता.

ते संपलं आणि मी पुढे झालो. आईची समजूत होती की क्लासातर्फे बाबांना सर्टिफिकेट मिळतंय. ती डोळे पुसत तयारच होती. मी पाय फाकवले, छाती भरली आणि समुद्राकडे तोंड करून पहिलं वाक्य सोडलं. क्लिंगॉन बोलायची पद्धतच अशी आहे, पोटातून, गर्जून. मग श्वास घ्यायला थांबलो.

‘‘व्हय महाराजा!’’ सगळी वाडी म्हणाली.

मी दचकून मागे बघितलं. सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे! त्यांची तरी काय चूक? समुद्राकडे तोंड, खडा आवाज, शब्द नीटसे न कळणारे आणि मध्ये थांबणं. आमच्या माणसाला जन्मल्यापासून एवढंच ठाऊक, की असं कोणी थांबलं की काय म्हणायचं असतं. मी हात हलवून ‘नाही, नाही’ अशी खूण केली. गणपतकाकांनी डोळे वटारून ‘चालू ठेव’ अशी खूण केली. गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं. तोडलं तर देव अर्धवट ऐकतो, आणि अर्धवट ऐकलेला देव कोणाला परवडत नाही.

तेव्हा मी पुढे गेलो. काय करणार? प्रत्येक वाक्याला व्हय महाराजा. मी घाबरून घाई केली तर तेही घाईने म्हणायचे. शेवटची शुभेच्छा गाळायची असं मनात पक्कं ठरवलं, पण पाठ केलेलं भाषण उतारावरच्या सायकलसारखं असतं. ती तोंडातून निघून गेली. आणि तिला सगळ्यांत मोठा व्हय महाराजा मिळाला! त्यात आईचा आवाज खणखणीत, मासळीबाजारात कमावलेला.

बाबांनी डोळे उघडले. छाती वीतभर पुढे आली होती. मी म्हटलं जमलं. तेवढ्यात गणपतकाका माझ्याजवळ आले.

‘‘गाऱ्हाणा बरा घातलंस. आता आमी व्हय कित्याक म्हटला, ता सांग.’’

त्यांचं म्हणणं रास्तच होतं. वाडीने देवाला शब्द दिला तर वाडीला तो ठाऊक हवा. मी सांगायला लागलो की बाबांनी पुष्कळ वर्षं समुद्र केला, आता त्यांना मोठा मान दिला आहे, वगैरे वगैरे. बाबा म्हणाले, ‘‘शेवटचा सांग. जेका सगळे जोरान बोल्ले ता.’’

नारळ समोर, समुद्र समोर. तिथे खोटं बोलायला मी क्लिंगॉन असतो तरी धजलो नसतो. सगळं सांगितलं. अंथरुणातलं मरण, मानाचं मरण, लढता लढता मरण, गिळलेलं सगळं बाहेर आलं.

मग आई मटकन वाळूत बसली. जो माणूस समुद्रात जाऊ नये म्हणून ती शिमग्यापासून अर्धपोटी राहत होती, त्याच्यासाठी तिने स्वतः हात जोडून, डोळे मिटून, काय मागितलं होतं!

‘‘शिरा पडली तुज्या त्या भाषेर,’’ तिने एवढीच शिवी घातली. मला वाटलं, पायाखालची वाळू सरकावी आणि मी आत जावं.

लगेच दोन तट पडले. काही म्हणाले, समुद्राला कुठे ती भाषा येते? गणपतकाकांना ते मुळीच पटलं नाही. किनाऱ्यावर अरबांपासून फिरंग्यांपर्यंत सगळे येऊन गेले, त्याला काय कळायचं राहिलंय? दिलेला शब्द मागे घेता येत नाही, फार तर वर नवीन गाऱ्हाणं घालून त्याला मुरड घालता येते. जान्हवी आईला पाणी पाजत होती आणि माझ्याकडे बघत होती. तेच ते बघणं.

खुशीत एकटे बाबा! म्हणाले, बघा, आता वाडीनेच सांगितलं, मी बसूचो नाय. मग माझ्याकडे वळले. ‘‘आणि तेंच्यात नवो तांडेल कसो होता?’’

आता लपवायला उरलंच काय होतं? म्हटलं, जुन्याला आव्हान देतो, आणि हरवतो.

बाबांनी नारळ गणपतकाकांच्या हातात दिला, डोक्याचं मुंडासं काढलं आणि महादूकडे बघितलं. महादू, दोन पोरांचा बाप, दोन पावलं मागे सरकला.

‘‘म्हादू, ये. माका हरव. हरवलंस तर बसतंय. पण हरवून बसव. उचलून ठेव नको.’’

महादूच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हा कळलं की या माणसाला कोणी कधी नीट विचारलंच नव्हतं. सगळे त्याला समजावत होतो.

पण लढायचं कशाने? बाबांनी होडीतून पाग काढला. पाग म्हणजे एकट्याने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या लावलेलं. हवेत फिरवून सोडलं की छत्रीसारखं उघडतं. मात्र नारळ दिल्याशिवाय जाळं पाण्यात घालायचं नाही हा नेम. तेव्हा गणपतकाकांनी निवाडा दिला : वाळूतच होऊ द्या. वाळूत मासा कुठला आणायचा, असं कोणीतरी विचारलं. त्यावर अख्खी वाडी माझ्याकडे बघू लागली.

‘‘तूच मासो हो!’’ आई मला म्हणाली.

पळालो मी! पॅन्ट दुमडायलाही वेळ नव्हता. ओल्या वाळूतून मी बांगड्यासारखा सुळकन निघालो, मागे बाबा, आणि पोरंटोरं ओरडतायत. बाबांनी पाग सोडला. काय सुंदर उघडला तो! पूर्ण गोल, वर आभाळात. पण हात एका जागी अडला आणि पाग माझ्या टाचांवर पडला. मी सुटलो. मग महादूने फेकला, आणि तो असा फेकला की खांबालासुद्धा त्यातून पळता आलं असतं. बाबा तिथेच थांबले.

‘‘खोटो हरतलंस तर घराक येव नको,’’ ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

महादूने नाक पुसलं. पाग गोळा केला, काठ दातांत धरला, कोपर मागे नेलं. मी पळालो, पण डोक्यावर सावली आली ती आलीच. शिशाच्या गोळ्या कानावर, नडगीवर, आणखी कुठे कुठे लागल्या, आणि मी वाळूत आडवा!

बाबा चालत आले. मी जाळ्यात होतो म्हणून मलाच ते इतक्या जवळून दिसलं. डावा हात त्यांनी उजव्या खांद्यावर धरला होता, आणि तो खांदा थरथरत होता. महादूने दोनदा फेकला होता, तेव्हा नेमाने त्यांची दुसरी पाळी बाकी होती. त्यांनी ती मागितली नाही. वाकून पागाची कड चाचपली, सगळीकडून सारखी पडली होती.

‘‘बरो घातलंस,’’ ते महादूला म्हणाले. मग स्वतः जाऊन गणपतकाकांच्या हातातला नारळ घेतला आणि त्याच्या हातात दिला.

त्या वर्षी नारळ महादूने सोडला. मी अजून जाळ्यातच होतो, म्हणून हात जोडता आले नाहीत.

राहता राहिला वाडीने दिलेला शब्द. लढता लढता मरण तर मागून झालं होतं, त्याला मुरड घालायची होती. गणपतकाका शब्द जुळवत उभे राहिले, पण आई वाळू झटकून पुढे झाली. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण तिला अडवणार कोण?

‘‘बा समुद्रा महाराजा,’’ ती म्हणाली, ‘‘हेंका लढाई व्हयी तर माज्याबरोबर होवंदेत, घरात होवंदेत, आणि ती लवकर संपा नये.’’

‘‘व्हय महाराजा!’’ बाबांचाही आवाज त्यात होता. मी ऐकला.

त्या दिवशी आई पोटभर जेवली. बाबांच्या पानातला तळलेला तुकडासुद्धा तिने उचलला, आणि लढाईला तिथेच तोंड फुटलं.

म्हणजे योजना यशस्वी झाली, नाही का? मी जान्हवीला तसं म्हटलंही. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षातून निसटली होती. कुप उंच आसनावर बसतो आणि त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही, हे बाबांना मीच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते क्लासात येऊन फिरत्या खुर्चीत बसले. आसन म्हणून तेवढंच होतं. येणाऱ्या प्रत्येक पोराला विचारायला लागले, की किती वर्सांआधी जल्मलंस? मग माझ्याकडे वळून पहिला हुकूम सोडला. मी उतरल्यामुळे होडीत एक माणूस कमी झालाय, तो तू. क्लास जान्हवी बघेल. ती तुझ्यापेक्षा बरं शिकवते असं पोरं म्हणतात.

जान्हवीने किल्ल्या आधीच घेतल्या होत्या.

तांडेलाचा मुलगा असून मला बोट लागते, हे मी आतापर्यंत तुम्हाला सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी, किनाऱ्यालगतच्या खडकापलीकडे गेल्यावर होडी एकदा वर झाली, एकदा खाली. मी कडेला धरून समुद्राकडे तोंड केलं, आणि पोटातून, गर्जून, जे काही होतं ते बाहेर काढलं. मग श्वास घ्यायला थांबलो.

मागून महादूसकट अख्खी होडी एका आवाजात म्हणाली, ‘‘व्हय महाराजा!’’